मी, तिसरा भाग

मित्रांनो, मी एका लांबलचक गोष्टीचा जुना, झिजलेला तिसरा भाग आहे. पहिल्याचे कौतुक होते, शेवटच्यासाठी भांडणे होतात आणि मधल्याच्या नशिबी चहाचे डाग येतात.

चेरीच्या लाकडावर माझी पाने कोरली, शाईने छापली, दोऱ्याने शिवली. माझा लेखक तोसाई जपानातल्या साऱ्या एदो शहराचा लाडका होता. सार्वजनिक न्हाणीघरात माणसे पाठ चोळता चोळता त्याच्या गोष्टींवर वाद घालीत. योहेई आम्हा पुस्तकांची चळत पाठीवर घेऊन दारोदार फिरे आणि आम्हाला भाड्याने देई.

कालव्याकाठच्या ओमासाकडे माझा मुक्काम सर्वांत लांबे. तिचा नवरा तांदळाच्या गलबतावर गेला तो परतलाच नव्हता. माझ्या शेवटच्या पानावर वादळात सापडलेल्या खलाशाला किनाऱ्यावर बायकोचा कंदील दिसतो, आणि पान संपते.

"चौथा कधी आणताय, भाऊजी?"

"कुठला आणू, वहिनी? गुरुजींच्या हातांत कड्या पडल्यात. दुसऱ्या भागात एका सरदाराच्या ढेरीला हसले ना!"

"हातांतच ना? तोंड मोकळं आहे. विचारून या."

योहेई मला घेऊन गेला. तोसाई घरातच कैदेत होता. बायको त्याला भात भरवत होती.

"गुरुजी, त्या खलाशाचं काय करणार होतात?"

"बुडवणार होतो. लोकांना रडायला फार आवडतं."

योहेईने ओमासाची हकीकत सांगितली. तोसाईने पुढचा घास घेतला नाही.

"तो परत येतो म्हणून सांग तिला."

"खोटं सांगू?"

"अरे गाढवा, मी अजून लिहिलंय कुठे?"

ओमासाने निरोप ऐकला. हातातले काम खाली ठेवून तिने विचारले, "कधी येतो?"

हे काही योहेई विचारून आला नव्हता. "चौथ्या भागात," तो पुटपुटला.

पुढे कड्या निघाल्या. धास्ती निघाली नाही. तोसाईने दंतमंजनाचे दुकान काढले आणि ते उत्तम चालले. चौथा भाग निघालाच नाही. योहेई मला परत न्यायलाही येईनासा झाला. मलाही वाटते, एकदा त्या चौथ्याला भेटावे. पुढे काय झाले, हे आम्हा भागांनाही ठाऊक नसते.

आता मला कसर लागली आहे. ओमासा दर उन्हाळ्यात मला पान पान उलगडून वाऱ्यावर ठेवते, शेवटच्या पानाशी जरा थांबते.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाचे शेवटचे पान फाडून त्याच्या पुड्या बांधू नका. त्या पानापलीकडून कुणीतरी अजून यायचे असते.