साहेबांचा डबा आणि वायूतत्त्वाची बाई

मालाडच्या त्या विमा-हेल्पलाइनच्या ऑफिसात फोन वाजत होते आणि उचलायला कुणी नव्हतं. सगळा स्टाफ आपापले जेवणाचे डबे घेऊन कॉन्फरन्स रूमबाहेर रांगेत उभा होता. आत ‘स्वभावतज्ज्ञ’ हर्षदजी बसले होते. बंद झाकणावर तळहात ठेवला की त्यांना म्हणे माणसाचं तत्त्व कळायचं. अग्नी, जल, वायू की पृथ्वी! त्यावरून टीम नव्याने बांधायच्या, म्हणजे कामाची भट्टी जमते.

कुंदाताई डोळे पुसत बाहेर आल्या.

“काय म्हणाले ताई?” रांगेत उभ्या असलेल्या क्लेम टीमप्रमुख जान्हवीने विचारलं.

“बाहेर बोलायचं नाही गं, ऊर्जा फुटते. पण माझ्या डब्याने माझं आख्खं आयुष्य सांगितलं बघ!”

“डब्यात तर तोंडल्याची भाजी होती ना?”

“तू कर चेष्टा. आत जा, मग कळेल.”

जान्हवी आत गेली. शेजारी एचआरची रश्मी भक्तिभावाने बसली होती. हर्षदजींनी आधी नाव विचारलं, मग डब्यावर तळहात ठेवला.

“वायू! मन सारखं घराकडे धावतं. वरून खंबीर, आतून हळव्या. सगळ्यांना जीव लावता, पण तुमची कदर होत नाही. वायूला नेतृत्व झेपत नाही, ताई. वायूला उशिराची शिफ्ट मानवते.”

म्हणजे क्लेम टीमचं प्रमुखपद गेलं आणि वर रात्रीपर्यंतची शिफ्ट. साडेतीन वर्षांच्या गार्गीला पाळणाघरातून आणायचं कुणी? नवरा श्रेयस आठवडाभर नाशिकच्या साइटवर, सासूबाई दहिसरला गुडघ्यांनी बेजार. नोकरीच सोडावी लागणार होती, तीही तोंडल्याच्या भाजीवर हात ठेवणाऱ्या माणसामुळे!

आणि चीड याची, की जिना उतरताना ती स्वतःच विचार करत होती: खरंच का भरकटतं आपलं मन? याला कसं कळलं?

खाली टीममधला प्रीतम चहा पीत उभा होता.

“तुला काय सांगितलं रे?”

“ऊर्जा फुटेल ना यार.”

“फुटू दे. बोल.”

“वरून खंबीर, आतून हळवा,” प्रीतम लाजत म्हणाला. “सगळ्यांना जीव लावतो, पण कदर होत नाही. एकदम परफेक्ट ना?”

जान्हवीलाही शब्दन्‌शब्द हेच सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी समारोप होता. सर्वांसमोर मॅनेजर नंदकुमार सरांचा डबा वाचायचा आणि नव्या टीम जाहीर करायच्या. पँट्रीतून सरांची डब्याची पिशवी आणायला रश्मीने जान्हवीलाच पाठवलं. तिने पिशवी आणली, हर्षदजींसमोर ठेवली.

“उघडू नका! ऊर्जा कापडातूनही येते.” हर्षदजींनी डोळे मिटले. “अहाहा! पृथ्वीतत्त्व! जन्मजात नेता! या हातांनी संस्था उभी केली, शेकडो घरांच्या चुली पेटवल्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. जान्हवीने पिशवीत हात घालून डबा बाहेर काढला. गुलाबी, सशाच्या कानांचा. आत जॅम लावलेली अर्धी खाल्लेली पोळी आणि एक क्लिप.

“हा माझ्या गार्गीचा कालचा डबा आहे, सर. तुमचा मी पिशवीतून काढून पँट्रीतच ठेवलाय. तिने अजून ठोकळ्यांशिवाय काही उभं केलेलं नाही.”

प्रीतम फिसकन हसला आणि सगळी खोली हसली.

“बालकातही बीजरूपाने नेतृत्व...” हर्षदजी सावरू लागले.

“थांबा. ‘वरून खंबीर, आतून हळवे’ असं कुणाकुणाला सांगितलंत? हात वर करा रे.”

एकेक करत सगळे हात वर गेले. रश्मीचाही.

“आणि माझं मन घराकडे धावतं, हे? रश्मी, तू सांगितलंस ना?”

रश्मी रडवेली झाली. “अगं, टीमची माहिती हवी म्हणाले. तू पाळणाघरात फोन करतेस, एवढंच बोलले मी.”

“म्हणून आधी नाव, मग डबा. यात ऊर्जा कुठे आली? कुणालाही लागू पडेल असं गोड बोलायचं, वर चार ऐकीव गोष्टी पेरायच्या, आणि कुणी ताडून बघू नये म्हणून तोंडं बंद करायची.”

हर्षदजी सामान आवरू लागले. नंदकुमार सर ओशाळून म्हणाले, “पण जान्हवी, माणसांचे स्वभाव वेगळे असतातच की.”

“असतात ना, सर! चिडलेल्या गिऱ्हाइकाला कुंदाताईंसारखं शांत कुणी करत नाही. प्रीतम किचकट क्लेम सोडवतो, पण फोनवर गडबडतो. हे तुम्हाला माहीतही नाही, कारण तुम्ही कधी आमच्याशेजारी बसून बघितलंच नाहीत. मी काळजी करते, म्हणूनच माझ्या टीमच्या फायली परत येत नाहीत. विचारा कुणालाही.”

“टीम आणि शिफ्ट आहेत तशाच राहू देत,” सर म्हणाले. “सोमवारी मी तुमच्या टीमसोबत बसतो.”

जान्हवीने सुटकेचा श्वास घेतला, तोच कुंदाताईंनी तिचा दंड धरला. “तरी पण गं, माझं मात्र अगदी खरं सांगितलं होतं हं!”

जान्हवीने कपाळावर हात मारला. “ताई, खरंच होतं. माझंही, प्रीतमचंही, उद्या तुमच्या वॉचमनचंही असेल. आपलं कौतुक ऐकलं की ते पटतं, म्हणून ते ज्ञान होत नाही. पुढच्या वेळी कुणी असं सांगितलं, तर रडण्याआधी शेजारच्याला एवढंच विचारा: तुला काय सांगितलं?”