जिन्याखालची घोषणा

“गाडी क्रमांक दोन, चार तासांच्या प्रवासाला निघत आहे. प्रवाशांनी सोबत पाणी बाळगू नये. बाळगल्यास सिस्टर जप्त करतील!”

तीन नंबरच्या खुर्चीत पाय लांब करून पडलेल्या आईने हे जाहीर केलं आणि दोन नंबरच्या खुर्चीतले शिंपीकाका खो खो हसू लागले. त्यांच्या दंडाशी वाकलेली सिस्टर वैतागली.

“हलू नका हो काका, शीर निसटेल! आणि घोषणाबाई, तुम्ही जरा दम धरा. आधी यांना सुई लागू दे, मग सोडा तुमच्या गाड्या.”

“शिंप्याला सुईचं कसलं भय?”

“जन्मभर कापडाला टोचली, बाई,” काका म्हणाले. “आता कापड सूड घेतंय.”

लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर चौथीच्या वह्या तपासत बसली होती. तिला न हसता राहवलं नाही. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त धुणारी सहा यंत्रं, सहा खुर्च्या आणि फिनेलचा वास, एवढीच ती खोली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, अकरा ते तीन. आईला इथे येऊन सव्वा वर्ष झालं होतं. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं ती बसस्थानकाच्या माडीवर, काचेच्या खोलीत बसून घोषणा करायची. गावाने तिला पाहिलं नव्हतं, पण तिच्या आवाजावर सारं गाव धावत होतं.

तेवढ्यात चार नंबरच्या खुर्चीत खळबळ झाली. तिथे एक नवा, जाडजूड मानेचा माणूस डोळे मिटून पडला होता. त्याची ही दुसरीच खेप होती. तो एकदम मान वळवून बघायला लागला.

“थांबा. हा आवाज... ‘बावीस नंबरची गाडी पंचेचाळीस मिनिटं उशिराने धावत आहे’, असं जगाला ओरडून सांगणाऱ्या तुम्हीच ना?”

“आणि उशिरा येणारे तुम्हीच ना?”

“बावीस नंबरवर होतो ती सतरा वर्षं माझी अब्रू काढलीत, बाई!”

“दर खेपेला तीनदा काढली. एकदा पुकारून कुणाला ऐकू जातं का?”

तो स्थानकाचा नियमच होता. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नावाने तीन हाका. तिसरी पूर्ण झाली की गाडी सुटायची; मग कुणी चप्पल हातात घेऊन धावत आलं तरी चौथी हाक नाही. आईच्या जिभेला ते वळण कायमचं लागलं होतं. घरीसुद्धा “जेवायला या” तीनदा व्हायचं आणि नंतर ताटं झाकली जायची.

त्या दिवशी अडीचच्या सुमारास ड्रायव्हरचा रक्तदाब घसरला. डोळे पांढरे झाले, मान लटकली. सिस्टर धावली, मावशी धावल्या, खुर्ची मागे पाडून त्याचे पाय वर धरले. पाच मिनिटांत तो शुद्धीवर आला, पण चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. पट्टी बांधून उठताना तो आईच्या खुर्चीपाशी थांबला.

“सत्तावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, बाई. आणि आज चार बायकांनी माझे पाय उचलून धरले.”

“माझे तर महिन्यातून दोनदा धरतात. पैंजण नाहीत हीच काय ती रुखरुख.”

तो हसला नाही. “गाडीला एकदा धक्का मारायची वेळ आली ना, की डेपोसुद्धा तिला भंगारात काढतो. खरं सांगा, तुम्ही कशाला येता इथे? काय उरलंय?”

लेकीचं लाल पेन थांबलं. असंच काहीसं आई गेल्या वर्षी पाळकांना म्हणाली होती. चर्चमध्ये दर रविवारी सूचना वाचून दाखवायचं काम तिच्याकडे होतं. ज्या रविवारी तिला उभं राहणं जमलं नाही, त्या दिवशी ती म्हणाली होती, “माझं नाव काढून टाका यादीतून. मी आता कसल्याच कामाची नाही.” पाळक म्हणाले होते, “यादी मी करत नाही, बाई.” त्यानंतर महिनाभर आई गप्प होती, आणि मग एका सकाळी गप्प राहिली नाही. मध्ये काय घडलं ते लेकीने कधी विचारलं नव्हतं. काही गोष्टी विचारायला धीर लागतो.

“मी देवाला सांगितलं, मला बरं कर,” आई ड्रायव्हरला म्हणाली. “तीनदा सांगितलं. सवयच तशी. चौथ्यांदा तोंड उघडलं आणि आठवलं, शास्त्रात तो एक प्रेषित आहे, त्याच्या अंगात काटा होता. त्यानेसुद्धा काढ म्हणून तीनदाच विनवलं. काटा काही निघाला नाही. उत्तर मात्र मिळालं, की माझी कृपा तुला पुरेल, तू जिथे दुबळा आहेस तिथेच मला काम करायला जागा आहे.”

“म्हणजे देवाने नाहीच म्हटलं.”

“चक्क नाही म्हटलं. पण बोलला तरी! एकतीस वर्षं मी काचेमागून बोलत होते, समोरून एकाने कधी हूं म्हटलं नाही.”

“तुमचं बरं आहे,” एवढंच ड्रायव्हर म्हणाला आणि भिंतीचा आधार घेत गेला.

शुक्रवारी चार नंबरची खुर्ची रिकामी राहिली. सोमवारीही. सिस्टरने फोन केला तेव्हा बायको रडतच बोलली. तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो, पायांवर सूज आहे, आडवं झालं की दम लागतो, आणि दवाखान्याचं नाव काढलं तर अंगावर येतो.

“अंगात पाणी भरत चाललंय,” सिस्टर खालच्या आवाजात म्हणाली. “आणखी दोन-तीन दिवस असेच गेले, तर मग बोलवायची गरजच उरणार नाही.”

मंगळवारी सकाळी आई चपला घालून दाराशी बसलेली दिसली.

“कुठे निघालीस?”

“बावीस नंबरकडे. सिस्टरकडून पत्ता घेतलाय.”

“आई, तुला न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं!”

“मग चारदा बसू. घाई आहे का?”

लेक चिडली. शाळेत रजा टाकायची, टॅक्सी बोलवायची, आणि एका अनोळखी माणसापायी आईने उरलंसुरलं बळ उधळायचं. हे बळ तिला स्वतःला हवं होतं. आईचे किती मंगळवार शिल्लक असतील, हे ती मनात मोजत असे आणि मोजल्याची लाज वाटून पुन्हा सोडून देत असे. पण आईने चपला घातल्या होत्या. तिने टॅक्सी बोलावली.

ड्रायव्हरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मधोमध चौक, चारी बाजूंनी खिडक्या, कोपऱ्यात अंधारा जिना. आईने कठडा धरला. एक पायरी, दोन, तीन. चौथ्या पायरीवर ती बसली. ओठ निळसर झाले होते.

“मी वर जाऊन सांगते,” लेक म्हणाली.

“तुझं तो ऐकणार? तुझी चौथीतली पोरं तुझं ऐकत नाहीत.”

आईने आणखी एकदा कठड्याला हात घातला, पण अंग उचललं गेलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने आईला रडताना फार क्वचित पाहिलं होतं. ती छताकडे बघून कुणाशी तरी भांडल्यासारखी पुटपुटली, “आणलंस तर इथवर, आणि बसवलंस चौथ्या पायरीवर. आता काय करू, सांग ना.”

वरच्या मजल्यावर कुणाची तरी कढई खाली पडली. तिचा आवाज चौकात घुमला, चारी भिंतींवर आपटून परत आला. आईने कान टवकारले आणि पाहता पाहता तिचा चेहरा बदलला. तिच्या मनात नक्की काय आलंय ते लेकीला कळायच्या आत ती खिदळायला लागली होती.

“मला चौकात ने. आणि कुणाकडून तरी खुर्ची माग.”

तळमजल्यावरच्या बाईने खुर्ची दिली. आई चौकाच्या बरोबर मध्यावर बसली. पाठ ताठ केली, गळा साफ केला, आणि लेकीच्या अंगावर काटा आला, कारण स्टँडवरचा तो खणखणीत आवाज तिने सहा वर्षांत ऐकला नव्हता.

“लक्ष द्या! गाडी क्रमांक बावीस सुटण्याच्या तयारीत आहे. चालकाने ताबडतोब आपल्या जागेवर यावे!”

खटाखट खिडक्या उघडल्या. कुणी तोंडात दात घासायचा ब्रश धरून आलं, कुणी लाटणं हातात घेऊन. “अगं, ही स्टँडवरची बाई!” एक म्हातारी दुसऱ्या मजल्यावरून ओरडली. “हिच्यामुळे माझी मुलाखतीची गाडी चुकली होती!”

“लक्ष द्या! गाडी क्रमांक बावीस सुटण्याच्या तयारीत आहे. चालकाने...” इथे श्वास तुटला. तिने छातीवर हात दाबून धरला. “...आपल्या जागेवर यावे!”

तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मात्र बंदच होती.

“लक्ष द्या,” आई तिसऱ्यांदा म्हणाली. “गाडी क्रमांक बावीस...”

पुढे शब्द फुटेना. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. खिडक्यांतली माणसं पुढे वाकली. लेक धावत जाऊन गुडघ्यांवर बसली, आईचा हात हातात घेतला. आई मान हलवत होती, थांब, थांब, आणि नजर वर होती.

खिडकी उघडली. सुजलेला, दाढी वाढलेला चेहरा बाहेर आला.

“अहो बाई! माझी अब्रू काढायला इथेही आलात?”

आईला बोलायला बराच वेळ लागला. जे बोलली तेही एवढं हळू, की दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला ते वर ओरडून सांगावं लागलं.

“त्या म्हणतायत, तिसरी हाक पूर्ण झालेली नाही! म्हणजे गाडी अजून सुटलेली नाही! उतरा म्हणतायत!”

ड्रायव्हर खिडकीची चौकट धरून उभा होता. खाली खुर्चीत बसलेली, धापा टाकणारी बाई त्याला दिसत होती. तिचे पाय त्याच्यासारखेच सुजलेले होते.

“मला उतरायला अर्धा तास लागेल!” तो ओरडला.

“पंचेचाळीस मिनिटं धरलीच आहेत,” आई म्हणाली, आणि म्हातारीने तेही पोचतं केलं. अख्खी इमारत हसली. हसता हसता खिडकीतल्या माणसाचाही चेहरा वेडावाकडा झाला आणि त्याने तो बाहीत लपवला.

तो प्रत्येक वळणावर बसत बसत उतरला. मागे बायको पिशवी घेऊन. एकाच टॅक्सीत चौघं दवाखान्यात गेली. सिस्टरने आधी त्याला यंत्राला जोडलं, मग आईला असं काही फैलावर घेतलं की शिंपीकाका तिथे नसल्याचं लेकीला वाईट वाटलं.

परतताना आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. थकून चिपाड झाली होती, आणि लेकीने तिला एवढं खूश तिच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“जिना चढता आला असता ना,” ती म्हणाली, “तर दारात उभं राहून मी चार शब्द पुटपुटले असते आणि त्याने दार लावून घेतलं असतं.” थोड्या वेळाने पुन्हा स्वतःशीच हसून म्हणाली, “चौथ्या पायरीवर बसवलं, लबाडाने.”

ती देवाला लबाड म्हणत होती. लेकीच्या पर्समध्ये आईच्या गोळ्या होत्या, शाळेच्या रजेचा अर्ज होता, आणि पोटात कितीतरी दिवसांनी कडकडून भूक होती.

त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने तीन नंबर आणि चार नंबर शेजारी शेजारी बसले. त्या चार-चार तासांत भांडले, कोडी सोडवली, शिंपीकाका गेले तेव्हा दोघांनी मिळून त्यांची रिकामी खुर्ची पाहिली आणि त्यांच्यावरचे विनोद त्याच दिवशी पुन्हा सांगितले, कारण आईच्या मते गप्प बसणं हा काकांचा अपमान होता. तिच्या पलंगाशेजारी एक कागद चिकटवलेला असे. त्यावर सहाही खुर्च्या आणि त्यांतल्या माणसांच्या काळज्या. पाय उचलवेनासे झाले तेव्हा ती त्या कागदावरच्यांसाठी प्रार्थना करायला पहाटे जागी होई. “मला सकाळी काम असतं,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, आणि तोऱ्यात सांगत असे.

ती गुरुवारी दुपारी गेली, झोपेत. शुक्रवारी सकाळी दहाला चर्चमध्ये प्रार्थना झाली. दफनभूमीत पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. पाळकांनी वाचन संपवलं, गाणं सुरू झालं. ड्रायव्हर बायकोसोबत कुंपणाच्या कडेला उभा होता. गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना तो लोकांमधून वाट काढत लेकीजवळ आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल.

“ताई,” तो कानाशी वाकून म्हणाला, “अजून माती द्यायची आहे, कळतंय मला. पण माझी अकराची वेळ...”

“जा,” लेक म्हणाली. “इथे थांबलात असं तिला कळलं तर माझी खैर नाही.”

त्याने मान हलवली. शवपेटीकडे एकदा पाहिलं, हात जोडले, आणि वळला. थडग्यांच्या मधल्या वाटेवरून जाता जाताच तो डाव्या हाताची बाही दुमडू लागला, एक घडी, दुसरी घडी, थेट कोपराच्या वर. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत लेक त्याच्याकडे बघत होती. मग तिने वाकून मूठभर माती घेतली.