साठ दातांचा हिशेब

मित्रांनो, मी एकोडी गावातल्या धान उफणायच्या पंख्यातलं जुनं दातेरी चाक आहे. साठ दातांचं. फिरवायची दांडी माझ्याच आसाला, म्हणजे मेहनत माझी. गावभर कौतुक मात्र पंख्याचं! माझ्या दातांत दात घालून पंधरा दातांचं लहान चाक पंख्याच्या आसावर बसे. मी एक फेरा घेतला की ते चार घेई.

आमच्या घरची सून मनकर्णाबाई गाण्याच्या ठेक्यावर दांडी फिरवायची. ठेका ठरलेला, म्हणून वाराही ठरलेला. कोंडा उडे, धान पायाशी पडे.

शहात्तर साली लहान चाकाचे दात तुटले. तिच्या दिरानं, धनीरामनं, लाखनीहून बारा दातांचं आणलं आणि पंख्याचा आस खाचेत माझ्याकडे सरकवून बसवलं. "लहान हाय वहिनी, हळू फिरन."

गाणं सुरू झालं आणि कोंड्यासोबत धानही उकिरड्यावर उडालं! पुढच्या पेरणीचं बियाणं होतं ते.

"बंद करा!" धनीराम ओरडला. "बेकार झाला पंखा. देतो भंगारात."

भंगारात! मला की त्याच्या अकलेला?

"थांबा ना भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाली. "भंगारात देता, मंग मी काय सूप घेऊन वाऱ्याची वाट पाहू?" तिनं एका पात्याला चुना लावला, मला सावकाश एक फेरा दिला. चुना पाच वेळा वर आला.

"पाच! पयले चारच होते."

"पण चाक तं लहान हाय!"

"म्हणूनच पळून राहिलं. मोठ्याचे साठ दात सरकले, तं याचेही साठ सरकले पायजे. बारा दातांनं पाच फेरे होतेतच."

"लहान असून एवढं पळते?"

"तुमचं डोकं बी लहानच हाय भाऊजी, ते काहून पळत नाही?"

धनीरामलाच आधी हसू फुटलं. "मंग आता?"

"पयले दांडीच्या पाच फेऱ्यांत पंखा वीसदा फिरे. आता चारच फेऱ्यांत वीस. पाचाच्या वेळात चारच फेरे घ्यायचे, गाणं संथ करू."

दांडी जरा जड लागली, पण गाणं संथ झालं आणि धान पुन्हा पायाशी पडू लागलं. धनीरामनं उकिरड्यावरचं बियाणं गुपचूप वेचून आणलं.

पुढं मळणीयंत्र आलं. आता गोठ्यात माझ्यावर कोंबड्या बसतात; बसू द्या. पण मित्रांनो, न मोजताच यंत्राला बेकार म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. आधी दात मोजा, एक फेरा फिरवून बघा. मग ठरवा, लाथ घालायची की तेल.