दोनच ओळी

सुमतीनं तव्यावरची भाकर तशीच सोडली आणि ती बागेकडे धावली. संत्र्याच्या कलमांमधून फवारणीच्या पंपाचा दांडा खटखटत होता.

तिचा नवरा रुपराव गेल्यापासून हा आवाज तिला भरदुपारी ऐकू यायचा. ती जाऊन पाहायची, तर ओळीत कोणीच नसायचं. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज मात्र ओळीच्या टोकाशी खरंच एक पाठमोरा माणूस होता. तेच खांदे, तीच पुढे झुकलेली मान.

"अजी, बस करा आता," ती म्हणाली. "वारा पडला."

माणूस वळला. धाकटा दीर मनोहरराव. त्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"वहिनी, मी होय."

ती बांधावरच बसली.

"काहून आणला पंप?"

"नागअळी लागली ना. हे पाहा." त्यानं कोवळं पान तिच्यापुढे धरलं. पानाच्या सालीखाली चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ गेली होती, कडा आत वळल्या होत्या. "अळी एवढीशी, दिसतही नाही. पण सारी कोवळी नवती खाऊन राहिली. कलमं मरतील."

"मरू द्या."

"दादानं लावली हायेत, वहिनी."

गेल्या पावसाळ्यात, याच अळीसाठी रुपराव फवारत होता. वारा थांबला, औषधाचा धूर झाडांत तसाच राहिला. तिनं बांधावरून हाक मारली, तर तो म्हणाला, "दोनच ओळी राहिल्या वं." ते विष अंगात भिनलं; शहरात, रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्यानं कोणालाच ओळखलं नाही. फक्त त्याचा हात चादरीवर खालीवर होत राहिला, दांडा मारावा तसा. शेवटपर्यंत.

"पंप खाली ठेवा, भाऊजी. हातानं खुडू."

"इतकी पानं? काही कलमं तरी जातीलच."

"जाऊ द्या."

मनोहररावानं तिच्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचा पट्टा सोडला. दोघं पानं खुडत राहिली. उन्हं उतरली तरी निम्मी बाग बाकी होती.

टाक्यापाशी तिनं त्याला शर्ट काढायला लावला. साबण दिला, कोपरापर्यंत हात घासायला सांगितले आणि वरून पाणी ओतू लागली.

"झालं, वहिनी. औषधाचा वास गेला."

तिनं तांब्या पुन्हा बुडवला.

"गेला, म्हणतो ना."

ती ओतत राहिली. मनोहररावानं हात तसेच पुढे धरून ठेवले.