पालथा पेला

पाप करायचं ठरलं की अडाणी माणसाला निमित्त पुरतं. शिकलेल्याला निमित्त पुरत नाही. त्याला आधार लागतो, आधाराला संदर्भ लागतो, आणि संदर्भ जर्मन असला तर मग विचारूच नका.

शांतवन रणदिवे शिकलेला होता. सोलापुरात, गिरणीचा भोंगा खिडकीतून आत येईल इतक्या अंतरावर एक दगडी देऊळ होतं. तिथं भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचा तो पाळक. बाप मिशनच्या शाळेत शिपाई, आजा मंडळीतल्या बहुतेक घरांसारखाच महारवाड्यातून उठून येशूकडे आलेला. नातू मात्र ग्रीक शिकून आला होता आणि आता प्रबंध लिहीत होता. शास्त्रातल्या वचनाचा अर्थ कसा लावावा, लावणारा कोण, तो कुठं उभा राहून वाचतो, असा सगळा तो विषय. त्यासाठी त्याने बायबलातल्या करिंथच्या मंडळीचं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि पेला वाटून घ्यायचा विधी, निवडलं होतं. तिथले सुखवस्तू लोक लवकर येऊन खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि कामावरून उशिरा येणारे दास आणि हमाल उपाशी बसायचे. त्यावर प्रेषित पौलाने त्यांना चिडून पत्र लिहिलं. शांतवनाचं म्हणणं असं, की पौलाला इथं विधीची काळजी नाही, मंडळी म्हणजे काय ह्याची आहे. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, घटना नव्हे, बिशपही नव्हे. एकमेकांसाठी थांबलेली आणि एकाच पेल्यातून प्यालेली माणसं म्हणजे मंडळी.

प्रबंध चांगला होता. तो वाचून पुण्याच्या प्राध्यापकांनी त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायची खटपट चालवली होती. मंडळीच्या पंचांनी रजा द्यायची, एवढंच उरलं होतं.

हेच सगळं तो गुरुवारच्या वर्गात नव्या लोकांना सोपं करून सांगायचा. त्या वर्गात भीमाबाई बसायची. माढ्याकडची, मांगाची. नवरा उजनीच्या धरणावर मातीची दरड अंगावर येऊन गेला. बहात्तरला लागलेल्या आणि अजून न सरलेल्या दुष्काळात तिने खडी फोडली, सरकारी सुकडीवर दिवस काढले, आणि शेवटी सोलापुरात येऊन मागाच्या कारखान्यात सुताचा कचरा झाडायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नव्हती.

"म्हंजे पाळकसायेब, कामावनं उशिरा येनाऱ्यासाटी थांबायचं?"

"थांबायचं."

"आन् पेला?"

"पेला एकच. सगळे त्यातूनच पितात."

"तुमीबी?"

"मीही."

"धोंडिराम मास्तरबी?"

वर्गात हशा पिकला. धोंडिराम मास्तर म्हणजे मंडळीचे पंच, मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, धोतराला डाग पडला तर दिवसभर अस्वस्थ राहणारे.

"मास्तरही," शांतवन म्हणाला.

भीमाबाई हसली नाही. "आमच्याकडं आमचा कप येगळा असायचा," ती म्हणाली. "मग मला घ्या मंडळीत."

तिचा बाप्तिस्मा झाला. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार, हे ठरलं. त्यानंतर चारच दिवसांत पंचांनी शांतवनाला देवळामागच्या खोलीत बोलावलं.

खोलीत धोंडिराम मास्तर होते आणि दावीद कंपाउंडर होता. बाकीचे पंच मान हलवायला आले होते.

"पाळकसाहेब, गावात टीबी लई वाढलाय," दावीदने सुरुवात केली. "दवाखान्यात रोज बघतो मी. एका पेल्याला शंभर तोंडं लागायची म्हंजे अवघडच की."

"शंभर तोंडं गेली साठ वर्षं लागताहेत," शांतवन म्हणाला.

"तवा जंतू ठाऊक नव्हते."

"दावीदराव, तुमच्या आजोबांना ठाऊक होते. कंपाउंडरच होते ते."

कोणीतरी खोकलं. धोंडिराम मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, आपण जातपात मानत नाही. मानत असतो तर ख्रिस्ती कशाला झालो असतो? पण बायकामंडळी आहेत, म्हातारी माणसं आहेत. त्यांना कसं समजावणार? चारपाच घरं म्हणताहेत, आम्ही पेला घेणार नाही. मंडळी फुटली तर ते पाप कोणाच्या माथी?"

"कोणती घरं?"

मास्तरांनी चष्मा चढवला. "छोटे पेले करू. ज्याचा त्याचा. परदेशातल्या मंडळ्यांत चालतं म्हणे. तुम्ही एवढे शिकलात, शास्त्रातून आधार काढून द्या की. आणि हो, तुमच्या रजेचाही विषय आहे बैठकीत. तोही मार्गी लावू."

भीमाबाईचं नाव कोणी घेतलं नाही. मांग हा शब्दही कोणाच्या तोंडून निघाला नाही. असली कामं शब्द न काढताच होतात.

शांतवनाने आधार काढला. अवघड काहीच नव्हतं. वाचणारा कोरा नसतो, तो आपला जन्म, आपली भूक, आपली भीती घेऊनच वचनापाशी येतो, हे त्यानेच प्रबंधात लिहिलं होतं. आता तो स्वतः रजेची आशा घेऊन वचनापाशी बसला. त्याने लिहिलं, की पहिल्या शतकात एका भांड्यातून पिणं ही त्या काळाची रीत होती, आणि रीत म्हणजे आज्ञा नव्हे. भांडं हे बाह्य रूप, ऐक्य हा गाभा. रूप बदलून गाभा राखणं हाच अर्थ लावण्याचा धर्म. सगळं लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं, आणि त्यात एकही वाक्य चूक नव्हतं.

बैठकीत टिपण वाचलं गेलं. मास्तर म्हणाले, "विद्वत्ता म्हणजे विद्वत्ता." छोटे पेले मंजूर झाले. रजाही मंजूर झाली.

दावीदने औषध मोजायचे बारके काचेचे पेले मिळवले. सुताराने भोकं पाडलेलं लाकडी तबक करून पाळकाच्या घरी आणून दिला. त्या दुपारी शांतवनाचा चुलतभाऊ धर्मपाल आला होता. छप्पन साली त्याच्या बापाने धम्म घेतला, शांतवनाच्या बापाने येशू सोडला नाही. तरी दोन्ही घरं लग्नाकार्याला एकमेकांकडं जेवत.

"हे काय, अंडी ठेवायचं?" धर्मपालने तबक उलटंसुलटं करून बघितलं.

"प्रभुभोजनाचे पेले आहेत. आरोग्यासाठी."

"मोठा होता तो चांदीचा, तो कुटं गेला?"

"कपाटात आहे."

धर्मपालने तबक खाली ठेवलं. कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाच्या चटणीत बुडवला, आणि चावता चावता विचारलं, "मंडळीत नवीन कोन आलंय?"

शांतवनाने चटणीची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"नगं सांगू. कळलं मला." धर्मपाल म्हणाला. "आमचं बी काय धुतल्या तांदळाचं न्हाय. पन आमी शास्त्रातनं आधार काढत न्हाय, एवढंच."

पुनरुत्थानाच्या रविवारी देऊळ भरलं. सकाळी आठलाच दगडी भिंती तापायला लागल्या होत्या. भीमाबाई कोणाचं तरी मागून आणलेलं पांढरं पातळ नेसून मागच्या बाकावर बसली होती, केसांत मोगऱ्याची चार फुलं. शांतवनाने भाकर मोडली. तोंडाने म्हणायचे शब्द तो म्हणत होता, पण एक शब्द त्याने टाळला. 'एकच पेला' असं जिथं म्हणायचं तिथं तो नुसता 'पेला' म्हणाला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पेटीवाल्याने सूर धरला, लोक रांगेने वेदीच्या कठड्यापाशी येऊ लागले.

भीमाबाई शेवटी आली. तिला कोणी मागं ढकललं नव्हतं. ती आपणच मागं राहिली होती. शांतवनाने तबक पुढं केलं. तिने त्याच्याकडं बघितलं, मग तबकाकडं, आणि एक पेला उचलून द्राक्षाचा रस प्यायली. इतर लोक पेला परत भोकात ठेवून जात होते. तिने ठेवला नाही. पेला मुठीत धरून ती बाजूच्या दारातून बाहेर गेली.

दार उघडंच होतं. बाहेर कडुनिंबाखाली रांजण होता. दुष्काळातलं पाणी, तिने जपून ओंजळभर घेतलं. पेला विसळला, ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, आणि पेला खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातला. पदराला हात पुसत ती आत आली आणि आपल्या जागेवर बसली.

पेटी थांबली होती.

देवळातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती हालचाल ओळखीची होती. हमरस्त्यावरच्या हॉटेलात बाहेर कोनाड्यात ठेवलेली कानतुटकी कपबशी आपण काढून घ्यायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवायची, पालथी घालायची आणि जायचं. कोणाच्या बापाने ते केलं होतं, कोणी स्वतः पोरपणी केलं होतं. धोंडिराम मास्तर पायातल्या वहाणांकडं बघत राहिले. शांतवनाला आशीर्वाद म्हणायचा होता. त्याने म्हटला. शांतीने जा, असं शेवटी म्हणायचं असतं. तेही म्हणाला.

लोक पांगल्यावर दावीदने पेले मोजले. "एक कमी हाय."

"बाहेर आहे," शांतवन म्हणाला.

"व्हय, ते दिसलं." दावीद म्हणाला. "अडाणी बाई हाय. शिकंल हळूहळू."

पण पेला आणायला कोणी गेलं नाही. दावीद गेला नाही, मास्तर गेले नाहीत. धुतलेला पेला, वर कडक ऊन, त्यात कुठला जंतू जगणार होता? सगळे त्या खिडकीला वळसा घालून घरी गेले. शांतवनही गेला. त्याच्याही हाताने तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भीमाबाईच्या झोपडीवर गेला. रुळांच्या पलीकडं पत्र्याची चारसहा खोपटं होती, त्यातलं कडेचं. ती नुकतीच कारखान्याच्या पाळीवरून आली होती, केसांत सुताचे पांढरे धागे अडकलेले. पाळकाला बघून तिची धांदल उडाली. तिने गोणपाट झटकून अंथरलं आणि तो नको नको म्हणत असताना चूल पेटवली. घरात कप एकच. त्यात तिने त्याला गुळाचा चहा दिला आणि स्वतः समोर बसली.

"काल माजं कायतरी चुकलं का?" तिने विचारलं. "समदी माझ्याकडं बघत व्हती."

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. पेला धुवायचा नसतो तिथं."

"आसं व्हय. मला वाटलं, हितंबी तसंच असंल." ती जरा हसली. "खरं सांगू, पयल्यांदा मन खट्टू झालं. मोठा पेला न्हाई, बारका दिला. पन मग बघितलं, तर समद्यांनाच बारका. मास्तरलाबी. म्हटलं, म्हंजे हितं समदेच भाईरचे हायेत की. भाईरच्यांचंच देऊळ हाय हे. मग लई बरं वाटलं मला."

शांतवनाच्या हातात कप तसाच राहिला. समदेच बाहेरचे. मंडळीची व्याख्या शोधत त्याने वर्षं घालवली होती, आणि इतकी नेमकी त्याला सापडली नव्हती. आणि पुढचा विचार जो त्याच्या डोक्यात आला तो हा, की प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाला हे सुंदर जमेल. नाव न घेता. दुष्काळात आलेली एक निरक्षर स्त्री म्हणाली, असं.

हा विचार आला, आणि तो आलेला त्याला दिसला. मग मात्र त्याला त्या गोणपाटावर बसवेना.

तो चहा संपवून उठला. कप धुवायला दाराशी ठेवलेल्या घागरीकडं वाकला, तेवढ्यात भीमाबाईने त्याच्या हातातून कप ओढला.

"आवं, हे काय? पावनं कप धुत्यात व्हय कुटं? ठिवा तितं."

आता तो निघाला असता तरी चाललं असतं. ती सुखात राहिली असती. बाहेरच्यांच्या देवळात दर रविवारी येऊन बसली असती, आणि तो जर्मनीत तिच्यावर लिहीत बसला असता.

"भीमाबाई," तो म्हणाला, "ते पेले सगळ्यांसाठी नव्हते. ते तुमच्यामुळं आणले."

"माझ्यामुळं?"

"तुमच्या तोंडाचा पेला आमच्या लोकांना नको होता. मला सांगितलं, आधार काढा. मी काढला. मला परदेशी जायचं होतं. मी तुम्हाला एक पेला सांगितला, आणि मीच तो कपाटात ठेवला."

रुळांवरून मालगाडी गेली, पत्रे थरथरले. गाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत भीमाबाई कपाकडं बघत बसली. मग तिने तो शांतवनापुढं, जमिनीवर ठेवला.

"धुवा मग," ती म्हणाली.

त्याने घागर कलती केली. जपून, थोडंच पाणी घेतलं. कप विसळला, पाणी दाराबाहेर ओतलं. मग तो कप हातात घेऊन उभा राहिला. आत चुलीपाशी ठेवायचा की बाहेर पालथा घालायचा ते त्याला कळेना, आणि भीमाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती.