टिटवीतलं गरम पाणी

पवना धरणाच्या पाण्यावर शिडाच्या बोटी चार-दोन असतील, पण झोपायला फळी, चहाला शेगडी आणि हात धुवायला चक्क गरम पाणी असलेली बोट एकच. टिटवी! समीक्षाला विचाराल तर अख्ख्या मावळात खरी बोट तेवढीच, बाकीच्या नुसत्या तरंगणाऱ्या परड्या.

टिटवी लोणावळ्याच्या राजेंद्र साहेबांची. तिचं शीड, दोर, इंजिन सगळं बावीस वर्षं सांभाळलं ते समीक्षाच्या आजोबांनी, तिकोणा पेठेच्या महिपती आबांनी. साहेब जाऊन चार वर्षं झाली होती. आता त्यांच्या पत्नीनं, रेणुकाताईंनी, बोट विकली होती. सोमवारी ट्रक येणार आणि टिटवी कोकणात जाणार. आज रविवार, शेवटची फेरी. ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "महिपतराव, जमलं तर गरम पाणी चालू करा. यांच्यासारखे हात धुवायचेत मला एकदा."

आबा "व्हय ताई" म्हणाले खरे, पण दोन वर्षं त्या नळातून गरम पाण्याचा थेंब आला नव्हता.

त्याआधी काय थाट होता! बोटीतल्या गिझरला ना वीज लागायची ना गॅस. इंजिन चाललं की त्यातलं हिरवं पाणी तापायचं, एका नळीनं गिझरच्या पोटातल्या तांब्याच्या वेटोळ्यात जायचं आणि दुसऱ्या नळीनं परत इंजिनात. त्या वेटोळ्याभोवतीचं चांगलं पाणी तेवढ्यात कढत व्हायचं. थंडीत फेरी संपली की साहेब आणि आबा नळापाशी खांद्याला खांदा लावून हात धुवायचे आणि चिमुरड्या समीक्षाच्या काकडलेल्या पायांवर आबा मगभर पाणी ओतायचे. समीक्षाची बयाआजी एकदाच बोटीवर आली होती. "इंजिनाचं उष्टं पानी! म्या न्हाई हात लावायची," म्हणाली, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत पाय शेकत बसली. आजी आता नाही. पण तिचं ते "आगं, आनी वाईच सोड" समीक्षाला अजून ऐकू यायचं.

म्हणून सकाळी सातलाच आजोबा-नात बोटीवर हजर.

"वेटोळं कुजलं आसंल," आबा म्हणाले. "आता काय व्हतंय?"

"आधी इंजिन तर चालू करा! दहावीत आहे मी, थोडी अक्कल मलापण आहे."

"लय शानी."

इंजिन धडधडलं. पंधरा मिनिटांनी समीक्षानं दोन्ही नळ्यांना हात लावला आणि किंचाळलीच. "आबा! हिच्यावर हात ठेववत नाही, आणि ही बघा, गारढोण!"

म्हणजे गरम पाणी वर निघत होतं, पण फिरून परत येत नव्हतं. समीक्षानं नळ्यांच्या मागोमाग नजर नेली. जुना गिझर खाली इंजिनाच्या बरोबरीला होता. तो गंजला तेव्हा सोमाटण्याच्या पवन प्लंबरनं नवीन बसवला, तो पार वरच्या फळीवर. निम्म्या सोमाटण्याच्या गच्चीवर टाक्या चढवलेला माणूस तो. टाकी वरच पाहिजे, हे त्याचं ठाम मत. आणि आबांनीही मान डोलावली होती. घरची टाकी वरच असते की!

समीक्षा त्या उंच चढलेल्या नळ्यांकडे बघत राहिली. हा चढ तिनं कुठंतरी पाहिला होता. कुठं?

"आबा, आपल्या गव्हाच्या शेतातल्या पाइपलाइनीला टेकाडावर चावी कशाला बसवलीय?"

"हवा सोडाया. चढावर हवा दडून ऱ्हाती, पानी फुडं सरकू देत न्ह..." आबा तिथंच थांबले. नळ्यांकडे बघितलं, मग नातीकडे. "आयला!"

"दरवर्षी मला पळवता तिथं चावी खोलायला! आणि स्वतः विसरलात!"

"इसरलो," आबा हळूच म्हणाले. "साहेब आस्ते तर म्हनले आस्ते, महिपती, म्हातारा झालास."

ती लगेच पान्हा घ्यायला धावली, तर आबांनी मनगट धरलं. "थांब! तापल्या इंजिनाचं झाकान खोलशील तर थोबाड भाजंल. गार हू दे."

तासभर थांबले. घड्याळ पुढं पळत होतं आणि इंजिन काही गार होईना. आबा साहेबांच्या गोष्टी सांगत बसले. वारा पडला की साहेब आबांसोबत शिट्टी घालून वाऱ्याला बोलवायचे म्हणे, आणि आला नाही की आबांच्या शिट्टीला दोष द्यायचे.

अखेर झाकण उघडलं. आबांनी इंजिन हिरव्या पाण्यानं काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवलं. मग वरच्या नळीची क्लिप ढिली करायला स्क्रूड्रायव्हर धरला. तो निसटला. पुन्हा निसटला.

"न्हाई ऱ्हायलं माझ्या हातात," ते म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

समीक्षानं क्लिप ढिली केली, नळी सोडवली, तोंडाशी नरसाळं धरलं आणि हिरवं पाणी ओतू लागली. गुडगुड, बुडबुड! हवा ढेकर देत बाहेर पडली. नळी हलवायची, थांबायचं, पुन्हा ओतायचं. शेवटी बुडबुडे थांबले, पाणी तोंडापर्यंत आलं आणि तसंच राहिलं. तिनं नळी बसवून क्लिप आवळली.

तेवढ्यात काठावरून हाक आली, "महिपतराव!"

तापलंय की नाही हे बघायला वेळच नव्हता. रेणुकाताई चढल्या, इंजिन लावून टिटवी काठ सोडून निघाली. तिकोण्याचा डोंगर हळूहळू मागं सरकला. आबा सुकाणू धरून समोर बघत होते, पण कान मात्र नळाकडे. वीस मिनिटांनी ताई खाली गेल्या.

नळ सुटला. गार. अजून गार. समीक्षा वरून वाकून बघू लागली. मग नळ दोनदा थुंकला आणि वाफ आली.

ताईंनी हात पाण्याखाली धरले. हातावरून हात फिरवत राहिल्या, बराच वेळ. मग वर न बघताच म्हणाल्या, "महिपतराव, या की. यांची जागा रिकामीच आहे."

समीक्षानं सुकाणू धरलं. वर बसून तिला दोन पाठी दिसत होत्या, एक ताठ, एक वाकलेली, खांद्याला खांदा लावून.

परत आल्यावर तिनं दप्तरातला मार्कर काढला आणि गिझरवर लिहिलं, 'इंजिन गार असताना वरची नळी सोडून हवा काढा.'

आबा मागं उभे होते. "मोट्या आक्षरात लिव. आन् खाली लिव, टिटवीला हवा धरायची खोड हाय, सांबाळून घ्या म्हनावं."

तिनं तेही लिहिलं.