करंजीला उतरायचं नाही

"हे पाहा, करंजीले गाडी दहा मिनिटं थांबते. तुम्ही उतरू नका. कितीही वाटलं तरी उतरू नका. ऐकून राह्यले न?"

"हो, हो," कमलाकर म्हणाला. यवतमाळच्या बसस्थानकावर तो एका हातानं फोन कानाशी आणि दुसऱ्या हातानं पिशवी काखेत दाबून उभा होता.

"आणि वणीले उतरले की चौकशीच्या खिडकीवर विचारा. दोघांना विचारा. एकानं सांगितलं म्हणून निघू नका."

रजनी, त्याची बायको, पुण्याहून बोलत होती. लेकीचे, गुंजनचे, दिवस भरत आले होते म्हणून ती तिकडं गेलेली. नाही तर ती नवऱ्याला असं एकटं सोडते होय? आणि तेही आजच्या दिवशी!

सकाळी सहाला मुकुटबनहून भाच्याचा फोन आला होता. "मामा, आई गेली," पियुष एवढंच बोलला आणि त्याला पुढं बोलवेना. रात्री छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायला गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं. विमलताई, कमलाकरची थोरली आणि एकुलती एक बहीण. बारा दिवसांपूर्वी भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं होतं, वर तिळाची चटणी डब्यात भरून दिली होती. तो डबा अजून ओट्यावरच होता, अर्धा भरलेला. कमलाकर डबा हातात घेऊन रडला. मग तोंड धुतलं आणि रजनीला फोन लावला.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सासरच्यांनी कितीही भारी नेसवलेलं असो, माहेरचं माणूस ते घेऊन आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. आणि विमलताईच्या माहेरी आता उरलं होतं कोण? आई-वडील केव्हाच गेले. माहेर म्हणजे एकटा कमलाकर. गुंजनच्या बाळाच्या बारशासाठी घेऊन ठेवलेली हिरवी साडी रजनीनं कपाटातून काढायला लावली. सवाष्ण गेली ना, हिरवीच हवी. ती साडी आता त्याच्या काखेतल्या पिशवीत होती आणि ती एक वाजेपर्यंत मुकुटबनला पोचवायची होती. एवढंच काम. पण हे काम कमलाकरचं होतं, म्हणून तर रजनीचा जीव टांगणीला लागला होता.

कारण कमलाकरला दिशा कळत नसे. म्हणजे अजिबात नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. नऊशे खण, आणि लाइट गेली तरी पाऊण इंचाचा बोल्ट बरोबर हातात. तोच माणूस दुकानातून बाहेर पडला की जिकडून आला त्याच्या नेमका उलटा चालू लागायचा. चुकणारी माणसं निदान घुटमळतात तरी. हा नाही! हा ताठ मानेनं, भराभर चुकायचा. एकदा डॉक्टरच्या खोलीतून बाहेर म्हणून निघाला तो एक्स-रेच्या खोलीत शिरला, आणि तिथल्या बाईनं शर्ट काढायला लावला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. फोनमधल्या नकाशाचाही उपयोग नव्हता. नकाशातली बाई म्हणायची, वायव्येकडे चला. अगं माय, वायव्य कुठं आहे हे ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

हे त्यानं जगापासून लपवून ठेवलं होतं. डोळ्याला वारा सोसत नाही असं सांगून गाडी घेतली नाही. गुडघा दुखतो असं सांगून खेड्यापाड्यातली लग्नं टाळली. कारखान्यातले म्हणायचे, कमलाकर मोठा घमेंडी. त्याला ते चालायचं. घमेंडी म्हणा, पण बावळट नका म्हणू.

एकटा असा तो वर्षातून एकदाच जायचा, भाऊबीजेला. त्या दिवशी रजनीचे भाऊ घरी येत, तिला निघता येत नसे. पण तेव्हा सकाळची थेट गाडी असायची. यवतमाळला बसायचं, मुकुटबनला उतरायचं. आणि योगायोग असा की उतरला की दरवेळी स्टँडवर कोणी ना कोणी भेटायचंच. कधी पियुष खताची चौकशी करायला आलेला, कधी मारोतराव भाऊजी पंक्चर काढून घेताना, कधी शेजारचं कोणी पिठाच्या गिरणीला निघालेलं. "अरे, तुम्ही? चला मंग संगंच," असं व्हायचं. आज फोन आला तोवर थेट गाडी निघून गेली होती.

वणीची बस साडेआठला सुटली. कमलाकर खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर. ताईचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण साखरेचा आजार कोणाचं दुःख पाहत नाही. करंजी येईपर्यंत त्यानं कसंबसं आवरलं. गाडी थांबली तेव्हा पाच मिनिटं तो रजनीचं ऐकून गच्च बसून राहिला, आणि मग उतरलाच. पिशवी सीटवर ठेवायला मन होईना, ती काखेत घेतली.

मुतारी हॉटेलाच्या मागं होती. तो आत एका बाजूनं शिरला आणि बाहेर दुसऱ्या बाजूनं निघाला. समोर लाल गाडी उभी, इंजिन चालू, कंडक्टर बाई पत्रा वाजवते आहे. तो धावला. तिसरी रांग, खिडकीची जागा, रिकामी. सुटलो रे बाबा, म्हणत तो बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"करंजी गेलं का? उतरले तर नाही न?"

"छे! उतरतो कशाला?" कमलाकर म्हणाला.

पंधरा मिनिटांनी कंडक्टर बाई त्याच्याजवळ आली. त्यानं ऐटीत तिकीट पुढं केलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, हे तिकीट वणीचं हाये. गाडी यवतमाळले चालली."

सगळी बस वळून पाहू लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, सूर्य तरी पाहाचा ना!" आणि दोघंतिघं हसले. कमलाकरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाईनं घंटी मारली. "इथं फाट्यावर उतरा. समोरून वणीची गाडी भेटते तुम्हाले."

तो उतरला. बस निघून गेली. धूळ डोळ्यांत गेली म्हणून त्यानं रुमाल काढला, पाठ फिरवून डोळे पुसले, पिशवी नीट केली, आणि वर पाहिलं तर झालं! समोर म्हणजे आता कोणतं समोर? दोन्हीकडं सारखाच डांबरी रस्ता, दोन्हीकडं कापूस फुटलेली पऱ्हाटी. सूर्य पाहावा तर तो डोक्यावर आलेला. कमलाकर एका बाजूला झाडाखाली उभा राहिला. अर्ध्या तासानं एक लाल गाडी आली, ती पलीकडच्या बाजूनं. पाटी दिसली तोवर ती पुढं गेली होती. वणी. त्यानं हात केला, ओरडला, पण गाडी थांबली नाही. आता पलीकडं जाऊन उभं राहावं इतकं साधं होतं ते. पण पलीकडं गेल्यावर ते पलीकडचं अलीकडं झालं, आणि मघाशी गाडी उजवीकडून आली की डावीकडून, हेच त्याला आठवेना. तो पुन्हा झाडाखाली आला. तास-दीड तास तिथंच उभा राहिला.

सहा वर्षांचा असताना तो गावच्या, राळेगावच्या, बैलबाजारात हरवला होता. विमलताई तेव्हा दहाची. तिनं त्याला तासाभरानं शोधून काढलं, एक चापट मारली, मग पोटाशी धरलं आणि सांगितलं, "हरवला की हलू नको. जिथं अशीन तिथंच उभा राह्य. मी येईन." शाळा संपेपर्यंत तेच चाललं. तो हलायचा नाही आणि ती यायची. तिनं कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

फोन वाजला. पियुष होता. "मामा, कुठं आहात? दीड वाजला. इथं म्हातारे बोलून राह्यले. लोकं वेचणी सोडून आले म्हणते. शेजारची काकू राळेगावचीच हाये, तिचंच लुगडं टाका म्हणते, माहेरचंच झालं म्हणते."

"नको रे!" कमलाकर जवळजवळ ओरडलाच. "मी येऊन राह्यलो. येतोच मी."

फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण मघापासून हललेलो नाही. आपण वाट पाहतो आहोत. आणि जी यायची ती तर तिकडं अंगणात निजली आहे, आता ती येणार नाही. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, सत्तावन्न वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला.

शेतात एक बाई कापूस वेचत होती. कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगलेली. रडण्याचा आवाज ऐकून ती शेताच्या कडेला धुऱ्यावर आली.

"काय झालं, भाऊ?"

वाटेत थांबलो, ऊन लागलं, असं काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. सवयच ती. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"बाई, मले दिशा समजत नाही. लहानपणापासून समजत नाही. माझी बहीण गेली, तिचं लुगडं घेऊन मले मुकुटबनले जाचं हाये, आणि मी उलट्या गाडीत बसलो. आता कोणत्या बाजूनं उभं राहू तेही समजत नाही."

ती हसेल म्हणून त्यानं मान खाली घातली. ती हसली नाही.

"नाही समजत त नाही समजत. त्याच्यात काय? मले घड्याळ नाही समजत." तिनं ओटी सोडून धुऱ्यावर ठेवली. "चला. आणि रडू नका, बहिणीले जड जाते."

तिचं नाव मानीबाई. तिनं त्याला मनगट धरून रस्ता ओलांडून दिला आणि त्याच्यासोबत तिथंच उभी राहिली. वेचणीचा वेळ मोडत होता, तरी गेली नाही. बऱ्याच वेळानं वणीची गाडी दिसली तशी ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. ब्रेक करकचून लागले. "मरतं का वो बाई?" ड्रायव्हर ओरडला. तिनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही, कंडक्टरला म्हणाली, "याइले वणीलेच उतरवा. मधात कुठीच उतरू देऊ नका. मयतीले चालले."

वणीला कमलाकरनं तिघांना विचारलं. तिघांनाही आधी सांगितलं की मला दिशा कळत नाही. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं आणि तिसऱ्यांदा आणखी सोपं. एक म्हातारा त्याला मुकुटबनच्या गाडीपर्यंत पोचवून आला.

मुकुटबनच्या स्टँडवर उतरला तेव्हा पाच वाजायला आले होते. ऊन पिवळं झालेलं. आज कोण येणार न्यायला? लेकाला मयताजवळून उठता येत नाही. तो कोणाला विचारावं म्हणून पाहत होता, तोच एक ऑटोवाला पुढं आला.

"यवतमाळचे मामा ना? बसा लवकर. मी रामलाल. मारोतरावनं दुपारी बारापासून बसवून ठेवलं मले इथं."

"मारोतरावनं?"

"हो न. त्याइले दुसरं कोणी नाही सुचलं आज." रामलालनं ऑटो काढली. "नाही त दरवर्षी भाऊबीजेले विमलबाई कोणाले ना कोणाले पाठवतच. दोन-दोन घंटे आधीपासून. एकदा मलेच पाठवलं होतं, पण मंग पियुष आला. आणि पाठवताना ताकीद, मुद्दाम आले असं दिसू नका देऊ म्हणे. माझ्या भावाले वाईट वाटते."

तीस वर्षं! खत, पंक्चर, पिठाची गिरणी. कमलाकरला ताईचा राग आला, आणि लगेच इतकी माया दाटून आली की त्यानं ऑटोची दांडी घट्ट धरली.

अंगणात माणसं दाटून बसली होती. बरीचशी तिरसटलेली, सकाळपासून उपाशी. शेजारची काकू मांडीवर घडी घातलेली साडी घेऊन ताईच्या उशाशी बसली होती. कमलाकर आत शिरला तशा बाया रडू लागल्या. काकू उठली आणि आपली साडी घेऊन मागं सरकली.

मारोतराव भिंतीला टेकून बसले होते. डोळे सुजलेले. ते जमलेल्यांकडं पाहून म्हणाले, "म्या म्हटलं होतं न? तो रस्ता चुकन, पण येईन."

कमलाकर ताईजवळ टेकला. तिला खरंच झोप लागल्यासारखं वाटत होतं. त्यानं पिशवीतून हिरवी साडी काढली, घडी मोडली आणि तिच्या अंगावर पांघरली, गळ्यापर्यंत. "ताई, उशीर झाला वो," तो म्हणाला. कडेला तिरडी बांधून तयारच होती.

"चला, दिवस बुडाले आला," एक म्हातारा उठत म्हणाला. तो हे सगळं पाहणारा, गावातल्या प्रत्येक मयतीला पुढं असणारा. "पियुष, तू इकून धर. मामा, तुम्ही भाऊ, तुम्ही उत्तरेकून धरा."

पियुषला मामाची अडचण कळली. त्यानं मामाला दाखवायला हळूच हात वर केला, मारोतरावही भिंतीपासून अर्धे उठले.

कमलाकरनं ताईकडं पाहिलं. हिरव्या साडीच्या काठाखाली तिचे पाय दिसत होते, हळद लावलेले, अंगठे दोरीनं एकत्र बांधलेले. गेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेला करतात.

पियुषचा हात वर होता तसाच राहिला. कमलाकर उठला, बहिणीला वळसा घालून तिच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला, आणि वाकून त्यानं तिच्या खांद्यांखाली हात घातले.